सकाळची किडनी

आमच्या वॉर्डात बाईंना समोर ‘मॅडम’ आणि पाठीमागे ‘ग्राफबाई’ म्हणत. हे दुसरं नाव मीच पाडलं. बाई खाटेपाशी यायच्या त्या पेन्सिल हातात घेऊनच. नाडी बघून झाली, पोट दाबून झालं, की केसपेपर उलटा करायचा आणि मागच्या कोऱ्या बाजूला एक चढती-उतरती रेघ काढायची. नातेवाईक वाकून वाकून बघायचे. एका म्हाताऱ्याने एकदा न राहवून विचारलं, “बाई, हा नकाशा कुठला?” बाई अगदी गंभीरपणे म्हणाल्या, “तुमच्या रक्तातला.” म्हातारा दिवसभर तो कागद उशाखाली घेऊन पडला होता.

मी त्या वॉर्डाचा इनचार्ज ब्रदर. पुरुष नर्सला दवाखान्यात ब्रदर म्हणतात. एकतीस वर्षं हेच ऐकलं, त्यामुळे हल्ली बायकोसुद्धा चिडली की “अहो ब्रदर” म्हणते. बाईंबद्दल लिहायला लोक मला सांगतात, कारण त्यांच्या हुशारीचे किस्से माझ्याकडे पोतंभर आहेत. पण मी लिहिणार आहे तो किस्सा त्यांच्या हुशारीचा नाही आणि त्यात माझा चेहरा काही फार चांगला दिसत नाही. आधीच सांगून ठेवलेलं बरं.

बाई आमच्याकडे आल्या तेव्हा सव्वीस वर्षांच्या होत्या, नवीन रेसिडेंट डॉक्टर. दुसऱ्याच महिन्यात एक तरुण सुतार दाखल झाला. पायात खिळा घुसून जंतू रक्तात पसरले होते. त्याला एक जुनं, कडक औषध सुरू केलं. ते कमी पडलं तर माणूस जातो आणि जास्त झालं तर किडनी आणि कान जातात. मात्रा तेव्हा वजनावरून ठरायची. भिंतीवर तक्ता लावलेला होता, त्यात बघायचं आणि द्यायचं. सुताराचा ताप उतरला, तो उठून बसला, जेवायला लागला. आठव्या दिवशी बाई त्याला काहीतरी विचारत होत्या आणि तो नुसता हसत होता. मग म्हणाला, “डॉक्टर, तुमचं तोंड हलतंय, पण आवाज कुठाय?” त्याला वाटलं बाई चेष्टा करताहेत. अर्ध्या मिनिटाने त्याचं हसू मावळलं, तेव्हा मी तिथेच होतो.

विभागप्रमुख म्हणाले, जीव वाचला ना, मग झालं तर. बाईंना ते काही पटेना. महिनाभर त्या दुपारी जेवण सोडून रेकॉर्डरूममध्ये बसल्या. त्यांना असं दिसलं की सारख्या वजनाच्या दोघांना सारखंच औषध दिलं, तर एकाच्या रक्तातून ते चार तासांत धुऊन निघतं आणि दुसऱ्याच्या रक्तात नऊ तास ठाण मांडून बसतं. मग तक्ता कशाला लावलाय भिंतीवर, असं त्या प्रमुखांनाच विचारून आल्या. प्रमुखांनी तो तक्ता काढला नाही, पण पुढच्या वर्षी बाईच निघून गेल्या, गणित शिकायला. डॉक्टर झालेली बाई पुन्हा वही घेऊन वर्गात बसणार म्हटल्यावर सगळ्यांनी डोक्याला हात लावला. त्यांचे वडील पोस्टमास्तर होते. ते म्हणाले, “लोक शिडी चढतात, तू उतरतेस.” वर्षभर बोलले नाहीत बाईंशी. बाईंची आईच तेवढी मला फोन करून विचारायची, “अहो ब्रदर, तिचं काही पत्र आलं का तुम्हाला? बरी आहे ना ती?”

चार वर्षांनी परत आल्या त्या चष्मा लावून. सकाळी वॉर्ड आणि दुपारी जिन्याखालची खोली. मोडक्या चाकांच्या खुर्च्या ठेवायची जागा होती ती. खिडकी धुलाईघराकडे उघडायची, त्यामुळे काचेवर कायम वाफ. दोन कॉम्प्युटर, एक टेबल आणि बँडेजच्या पट्टीने बांधून ठेवलेला पंखा. तिथे बाई खाटेवरच्या प्रत्येक माणसाचा एक जुळा तयार करायच्या. म्हणजे त्याचं वय, वजन, किडनी, ताप, रक्तातलं औषध, सगळं आकड्यांत घालून कॉम्प्युटरमध्ये त्याच्यासारखाच दुसरा माणूस. औषध आधी त्या जुळ्याला द्यायचं, त्याचं काय होतं ते बघायचं, मग खऱ्याला. “जुळा बहिरा झाला तरी तक्रार करत नाही,” त्या म्हणायच्या. हसून म्हणायच्या, पण मला तो सुतार आठवायचा.

जुळा तयार करायचा तर रक्ताचे नमुने लागतात, आणि ते हजारांनी. औषध दिवसातून दोनदा जायचं, सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला. त्यानंतर बरोबर एका तासाने रक्त काढायचं. एक दिवस सकाळचं, एक दिवस संध्याकाळचं. आमच्या सिस्टर वेळ लिहायच्या कापसाच्या पाकिटावर, नाहीतर तळहातावर. हात धुतला की वेळ गेली. मी वैतागून एक छापील तक्ता करून घेतला. ‘सकाळी ७’ आणि ‘संध्याकाळी ७’ असे दोन चौकोन. रक्त काढलं की नुसती खूण करायची. बाई सगळ्या स्टाफसमोर म्हणाल्या, “ब्रदरनी माझी दोन वर्षं वाचवली.” माझी छाती इंचभर फुगली. तो तक्ता पुढे पाच वॉर्डांनी उचलला आणि मी दर वेळी आठवण करून द्यायचो की तो मूळ कोणाचा.

आता खरं सांगतो. सकाळी सातला आमच्याकडे पाळी बदलते. रात्रपाळीवाले सहाचं औषध घड्याळाच्या ठोक्याला देऊन मोकळे होतात, कारण त्यांना घरी जायचं असतं. मग दिवसपाळीवाले येतात, एकेका खाटेचा ताबा घेतात, चादरी मोजतात, चहाची गाडी येते, मोठ्या डॉक्टरांचा राउंड येतो. सातला रक्त काढायला कोणाकडे तिसरा हात होता? ते निघायचं आठला, सव्वाआठला. आणि खूण व्हायची ‘सकाळी ७’ मध्ये, कारण तक्त्यावर दुसरा चौकोनच नव्हता. हे खोटं आहे असं कोणाच्या मनातही आलं नाही. त्याचं नावच ‘सातचं रक्त’ होतं. संध्याकाळी पाळी बदलत नाही, तेव्हा ते वेळेवर निघायचं.

तीन वर्षांत साडेचार हजार नमुने जमले. एक दिवस दुपारी बाई जिना धावत चढून वॉर्डात आल्या, धाप लागलेली, चष्मा कपाळावर. “ब्रदर! किडनी सकाळी जास्त पळते!” मला काही कळेना. त्यांनी माझ्याच टेबलावर रेघा काढून दाखवल्या. संध्याकाळचं औषध तासाभराने रक्तात एवढं उरतं आणि सकाळचं त्याहून कितीतरी कमी. म्हणजे गंभीर आजारी माणसाची किडनी सकाळी औषध झपाट्याने बाहेर टाकते, म्हणजे सकाळची मात्रा वाढवायला हवी. हे कोणालाच माहीत नव्हतं. मी त्यांचं मनापासून अभिनंदन केलं. शपथेवर सांगतो, त्या क्षणी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता.

पडला तो सहा महिन्यांनी. दवाखान्याच्या मोठ्या हॉलमध्ये बाईंचं भाषण होतं. मी इस्त्रीचा गणवेश घालून शेवटच्या रांगेत बसलो होतो. पडद्यावर ती चित्रं आली, संध्याकाळची उंच रेघ आणि सकाळची बुटकी. बाई सांगत होत्या, “ठीक सातला बघा.” ठीक सातला मी काय करतो? चादरी मोजतो.

उठून सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. टाळ्या वाजत होत्या, तेव्हा मीही वाजवल्या. घरी जाताना स्वतःची समजूत घातली की एवढी शिकलेली बाई, तिने हे धरलंच असेल हिशोबात. आपण कोण नाक खुपसणारे. नंतर तेवढंही म्हणावं लागेना. बाईंचं मॉडेल, म्हणजे तो जुळ्यांचा हिशोब, वॉर्डातच सुरू झालं, सकाळची मात्रा सव्वापट, कधी दीडपट जायला लागली, आणि सातच्या रक्तात औषध अगदी बाईंनी म्हटलं तेवढंच सापडायचं. सापडणारच. ज्या उशिराने मॉडेल शिकलं, त्याच उशिराने आम्ही ते तपासत होतो. कागदावर सगळं जागच्या जागी होतं आणि मी मूग गिळून गप्प बसलो. दोन वर्षं आणि वर काही महिने.

मग ते चाळीस दवाखान्यांचं आलं. बाईंचं मॉडेल एकदम चाळीस ठिकाणी लावायचं ठरत होतं. शुक्रवारी सकाळी अकराला तज्ज्ञांची समिती येणार, मंजुरी देणार. त्याआधी एक अट होती, दुसऱ्या एखाद्या दवाखान्याच्या नमुन्यांवर ते पडताळून बघायचं. लांबच्या गावातल्या एका साठ खाटांच्या रुग्णालयाने आपले नमुने पाठवले. सोमवारी ते आले आणि बाईंचं मॉडेल तोंडावर पडलं. तिथल्या रुग्णांच्या रक्तात सकाळचं औषध मॉडेल म्हणत होतं त्याहून कितीतरी जास्त उरत होतं.

बाईंनी मला खोलीत बोलावलं. दोन दिवस झोपल्या नसाव्यात. टेबलावर तीन कप, तिन्ही अर्धे. “हे बघा ब्रदर,” त्यांनी यादी पुढे सरकवली. “सात वाजून चार मिनिटं. आठ एकवीस. सात अडतीस. असलं विस्कळीत काम! आणि आपलं बघा, हजारो नमुने, एकही वेळ इकडची तिकडे नाही. मला वाटतं त्यांच्या नर्स अंदाजपंचे लिहितात. तुम्हाला काय वाटतं?”

त्या यादीतल्या त्या वाकड्यातिकड्या वेळा मी पुन्हा वाचल्या. कुठल्यातरी गावातली कुणी एक सिस्टर घड्याळात बघून जे घडलं तेच लिहीत होती. मी म्हणालो, “असेल, मॅडम.” एवढंच बोललो आणि वर आलो. आयुष्यात इतकं खोटं दोन शब्दांत मी कधी बोललो नव्हतो.

आता ताईचं. माझी थोरली बहीण, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, मला हिनेच वाढवलं. शिवणकाम करून माझ्या नर्सिंगच्या कोर्सची फी भरली. मी सत्तावन्न वर्षांचा झालो तरी तिच्यासाठी मी बाळ्या. तिला लघवीच्या जंतुसंसर्गाने ताप भरला आणि जंतू रक्तात गेले, म्हणून आदल्याच शनिवारी आमच्याच वॉर्डात नऊ नंबरच्या खाटेवर आणली. कुठलं औषध सुरू केलं ते सांगायला नकोच. सकाळची मात्रा दीडपट आली. डोस सुरू होताना मी शेजारी उभा होतो. तोंड उघडलं नाही. स्वतःला म्हटलं, पाच-सहा दिवसांचा तर प्रश्न आहे, इतक्या लोकांना दिलं, कुठे काय झालं? काय झालं ते कोणी मोजलंच नव्हतं, हे मात्र स्वतःला म्हटलं नाही.

गुरुवारी सकाळी नऊला तिच्याजवळ गेलो. ताप उतरला होता, तोंडावर तजेला आला होता. म्हणाली, “बाळ्या, तो पंखा बंद कर रे. मघापासून शिट्टी मारतोय.”

पंखा बंद होता.

“ताई, कुठली शिट्टी?”

“ही काय. तुला नाही ऐकू येत? म्हातारा झालास.”

मी जिना कसा उतरलो ते मला सांगता येणार नाही. बाई पत्र लिहीत होत्या, त्या साठ खाटांच्या रुग्णालयाला. वेळांच्या नोंदी विश्वासार्ह नसल्यामुळे तुमचे नमुने वगळत आहोत, अशा अर्थाचं. मी दारातूनच म्हणालो, “मॅडम, ते पत्र पाठवू नका. त्यांच्या वेळा खऱ्या आहेत. खोट्या आपल्या आहेत.”

त्यांनी मान वर केली. मी सगळं सांगितलं, चादरी, चहाची गाडी, तो चौकोन. शेवटी नऊ नंबरच्या शिट्टीचंही सांगितलं.

बाई ओरडल्या नाहीत. आधी फोन उचलला. “नऊ नंबरचं इंजेक्शन बंद. संध्याकाळचं द्यायचं नाही, दुसरं लिहिते मी. कानाच्या डॉक्टरांना आत्ता बोलवा. वॉर्डात आणखी कोणकोण आहे या औषधावर? चार? चौघांचंही थांबवा, मी येते.” फोन ठेवला आणि माझ्याकडे वळल्या. “किती उशीर?”

“तासभर.”

“तासभर म्हणजे काय? पन्नास मिनिटं का सत्तर?”

“सत्तर. सोमवारी जास्त, धुलाईघराचा हिशोब असतो.”

“संध्याकाळी?”

“संध्याकाळी वेळेवर.”

“नक्की? का हेही मला बरं वाटावं म्हणून?”

मी म्हणालो, नक्की. त्यांनी सकाळच्या सगळ्या वेळा सत्तर मिनिटांनी पुढे ढकलल्या आणि कॉम्प्युटर चालू केला. अकरा मिनिटं लागणार होती. त्या वॉर्डात जाऊन चौघांना बघून आल्या, मी तिथेच बसलो होतो. परत आल्या तेव्हा पडद्यावर रेघा उमटत होत्या. संध्याकाळची आली, मग सकाळची आली आणि थेट तिच्यावर जाऊन बसली. मध्ये नखाएवढी फट उरली नाही. मग बाईंनी त्या गावाकडच्या सिस्टरचे ठिपके टाकले. विस्कळीत, वाकडेतिकडे सगळे ठिपके त्या एका रेघेवर येऊन पडले.

“जुळलं,” बाई म्हणाल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सगळं खरोखर जुळलं होतं आणि त्यांच्या नावावरचा सगळ्यात मोठा शोध त्या अकरा मिनिटांत नाहीसा झाला होता. किडनी सकाळी पळत नव्हती. आमची पाळी बदलत होती.

पडद्यावरची नजर न काढता त्या म्हणाल्या, “नऊ नंबर तुमची ताई नसती, तर सांगितलं असतंत?”

मला ‘हो’ म्हणायचं होतं. “माहीत नाही, मॅडम.”

“निदान हे तरी खरं बोललात.” त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “आणि माझं ऐका. सिस्टर गडबडीत असल्या की मीही काढलंय सातचं रक्त. सव्वाआठला. आणि तुमच्या चौकोनात खूण केली आहे. एकदा नाही, पन्नासदा. दुपारी खाली येऊन तीच खूण कॉम्प्युटरमध्ये भरली आणि इथे आल्यावर मला ती सात वाजता काढलेलीच वाटली. वर मी डॉक्टर, खाली मी गणिती. दोघींची कधी गाठच पडली नाही.” मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण माझी तेवढीही लायकी वाटेना.

दुपारी विभागप्रमुख आले. ऐकून त्यांनी दार लावून घेतलं. माणूस वाईट नाही, पण अडचण आली की त्यांना आधी दार आठवतं. म्हणाले, “उद्याची मंजुरी होऊन जाऊ दे. महिन्याभरात दुरुस्त आवृत्ती काढ. कोणाला कळणारही नाही. तुझी अकरा वर्षं आहेत यात. उद्या तू हे बोललीस तर पुन्हा कोणी तुझ्या मॉडेलवर विश्वास ठेवेल का? जे बरोबर आहे तेही बुडेल.”

खरी मेख तीच होती. ते काही खोटं बोलत नव्हते.

बाई म्हणाल्या, “चाळीस दवाखाने, सर. रोज सकाळी सहाला. महिन्याचे किती डोस होतात, तुम्हीच सांगा.”

प्रमुखांनी लावलेलं दार उघडलं आणि ते निघून गेले.

शुक्रवारी अकराला लांबलचक टेबलाभोवती सात जण बसले होते. पाण्याच्या बाटल्या, कोऱ्या वह्या, सगळे खुशीत. मी भिंतीजवळच्या खुर्चीवर. बाई काय बोलणार ते मला माहीत होतं, माझं नाव घेणार का ते माहीत नव्हतं; आणि खरं सांगायचं तर त्या वेळी मला धास्ती त्याचीच होती. बाईंनी पहिलंच चित्र लावलं ते एकावर एक बसलेल्या दोन रेघांचं. “मी तुमच्याकडे जो शोध घेऊन येणार होते, तो चुकीचा आहे,” त्या म्हणाल्या. खोलीत कुणीतरी बाटलीचं झाकण फिरवत होतं, ते थांबलं. बाईंनी पंधरा मिनिटांत सगळं सांगितलं, काही न झाकता. मग अध्यक्षांनी विचारलं, “वेळांच्या नोंदींची जबाबदारी कोणाची होती?”

“माझी,” बाई म्हणाल्या. “वेळ कशी लिहिली जाते हे न बघता मी गणित केलं.”

मी उठून उभा राहिलो. एका सभासदाला वाटलं मी चहाचं विचारायला उठलोय, तो हात हलवून म्हणाला, “नंतर, नंतर.” मी म्हणालो, “चहा नाही साहेब. तो तक्ता माझा आहे. मला दोन वर्षांपासून माहीत होतं.” सातही माना माझ्याकडे वळल्या. बाईंनी मात्र माझ्याकडे बघितलं नाही.

मंजुरी मिळाली नाही. बाईंनी आपला शोध जाहीरपणे मागे घेतला. ज्या हॉलमध्ये टाळ्या पडल्या, त्याच हॉलच्या बाहेर लोक कुजबुजायला लागले. कामावर उशिरा येणारे एकमेकांना डोळा मारून म्हणायचे, “काय करणार, माझी सकाळची किडनी.” मला एकदा हे ऐकून एका टेक्निशियनची कॉलर धरायची बाकी राहिली होती. माझी चौकशी झाली, इनचार्जपद गेलं. त्यात अन्याय काही नव्हता. ताईच्या कानातली शिट्टी कायमची राहिली आणि बारीक आवाज गेले. दारावरची बेल तिला ऐकू येत नाही, शिलाई मशीनची टिकटिक येत नाही. मी सगळं कबूल केलं तेव्हा तिने हातातलं शिवण खाली ठेवलं. “तुझी बडबड येते रे ऐकू,” ती म्हणाली, आणि तोंड फिरवून पुढचे दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

बाईंनी जिन्याखालची खोली सोडली नाही. मंजुरीचं सगळं संपल्यावर त्यांनी एक यादी काढली, आमच्या वॉर्डात वाढीव सकाळची मात्रा मिळालेल्या लोकांची. दोनशे बारा नावं. सगळ्यांचे कान तपासायचे. प्रमुख म्हणाले पत्रं पाठवा. बाई म्हणाल्या, दवाखान्याची पत्रं लोक बिल समजून फेकून देतात, फोन करायचे. आणि मला बोलावणं पाठवलं. “अर्धे तुम्ही, अर्धे मी,” त्या म्हणाल्या. त्या गुरुवारनंतर माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

सोमवारी दहाला बसलो. पहिला नंबर मी फिरवला. दोन वर्षांपूर्वी दाखल झालेला एक बसचालक. फोन मुलीने उचलला.

“दवाखान्यातून बोलतोय. बाबांशी बोलायचं होतं.”

“बाबा फोनवर येत नाहीत हो. त्यांना ऐकू येत नाही.”

“कधीपासून?”

“तुमच्याकडून घरी आले तेव्हापासूनच. वयाचं असेल म्हणून आम्ही काही केलं नाही. बस सोडावी लागली, एवढंच. पण जीव वाचला ना! तुमच्या त्या मॅडम, त्या रेघा काढायच्या त्या, अजून त्यांचं नाव काढतात बाबा. आहेत का त्या अजून तिथे?”

मी फोन कानापासून दूर धरला. बाईंनी हात पुढे केला, फोन घेतला. मुलीने तोच प्रश्न पुन्हा विचारला असावा. मग म्हणाल्या, “मीच बोलतेय. बाबांना भेटायला मी घरी येते. आजच.”

पलीकडे मुलीने फोन बाजूला धरून ओरडून सांगितलं, “बाबा, मॅडम येताहेत!” पुन्हा सांगितलं, आणखी मोठ्याने. चौथ्यांदा ती इतकी ओरडली की मलाही फोनमधून ऐकू गेलं. मग मागून एका म्हाताऱ्याचा आनंदाने भरलेला आवाज आला, “स्वतः मॅडम? आपल्या घरी? अगं, त्यांना म्हणावं या, जेवायलाच या.”